हजेरी आणि दाखला : आपल्या संचारस्वातंत्र्याची हकीकत

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने 'आपल्या कैकाडी समाजाचा इतिहास' या विषयावर चार पाने लिहून द्यावीत अशी आज्ञा केली, तेव्हा प्रथम मनात आले ते हे की, अशा लेखांचा आरंभ एखाद्या ऋषीपासून अथवा राजवंशापासून करण्याचा प्रघात आहे. प्रस्तुत लेखकापाशी तशी वंशावळ नाही. जुन्या अकरावीच्या शेवटच्या तुकड्यांपैकी एकीतून मॅट्रिक झालेला आणि जन्मभर प्राथमिक शाळेत मुलांना अक्षरे गिरवावयास लावणारा मी एक सेवानिवृत्त शिक्षक. मजजवळ आहे तो फक्त एक कागद. वीतभर लांब, चार घड्यांवर विरलेला, मोडी अक्षरांचा. माझ्या आजीने तो वेळूच्या नळकांड्यात घालून, वर चिंधीचा बोळा ठोकून, जन्मभर जपला. त्यावर माझ्या आजोबांचे नाव आहे, त्यांच्या बापाचे नाव आहे, जात आहे, डाव्या भुवईवरील व्रणाची नोंद आहे, कोणत्या गावाहून कोणत्या गावी व कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत जाण्याची मुभा आहे ते लिहिलेले आहे आणि खाली अंगठा आहे. हा आमच्या घराण्याचा सर्वांत जुना दस्तऐवज होय.

हा विषय छापू नये, असे दोघा-तिघा वडीलधाऱ्यांनी मला प्रेमाने सुचविले. पोरीबाळींची लग्ने व्हावयाची आहेत, स्मरणिका व्याह्यांच्या हाती पडते, तेव्हा जुनी घाण कशास उपसावी, असे त्यांचे म्हणणे. त्यांच्या वयाचा मी मान राखतो. परंतु ज्या गोष्टीची लाज वाटावयास हवी ती करणारे दुसरेच होते, एवढे नम्रपणे सांगून पुढे जातो.

आपले लोक हिंडत होते, हे खरे. कोठून निघाले याची साक्ष आपल्या घरातील बोलीच देते. चुलीपाशी आपल्या आया-आज्या जी भाषा बोलत आल्या, तिचे नाते मराठीपेक्षा तमिळशी जवळचे आहे, असे भाषाशास्त्रज्ञ सांगतात. पण हिंडणे ही आपली हौस नव्हती. कणगी विणणारा माणूस एका गावात राहून जगेल कसा? शेणाने लिंपलेली चांगली कणगी वर्षानुवर्षे टिकते. शंभर उंबऱ्यांच्या गावाला अशा कणग्या सालात लागणार किती? पाट्या, टोपल्या आणि कोंबड्यांची डालगी धरली तरी पंधरा दिवसांचे काम. शिवाय तरवड आणि निरगुडीचे फोक ओढ्याच्या काठी ज्या हंगामात लवचीक मिळतात त्याच हंगामात तेथे गेले पाहिजे. तुरीच्या काड्या हव्या असतील तर तुरी निघाल्यावर त्या शिवारात गेले पाहिजे. म्हणून गाढवावर बिऱ्हाड, आणि बिऱ्हाडाला ठरलेला फेरा. कोणत्या महिन्यात कोणत्या वेशीबाहेर पाल पडणार हे गावालाही ठाऊक असे. शेतकरी वाट पाहत असे, असे लिहिले तर कित्येकांस अतिशयोक्ती वाटेल. परंतु सुगीच्या तोंडाशी पाटी फुटलेल्या कुणब्याला विचारावे.

मद्रास इलाख्यात कोरव, यरकुल या नावांनी ओळखली जाणारी आपली भावकी याच्याच जोडीला मीठ आणि धान्य जनावरांच्या पाठीवर घालून किनाऱ्यावरून आत नेत असे. आगगाडी आली आणि तो व्यापार बुडाला. आपल्या भागात दौंड-मनमाड हा लोहमार्ग १८७८ साली सुरू झाला. आजचे श्रीरामपूर हे त्याच मार्गावरील बेलापूर स्थानकाच्या भोवती वाढलेले शहर. मूळचे बेलापूर प्रवरेच्या काठी दूर राहिले, आणि स्थानकापाशी जी वस्ती झाली तिला लोक बेलापूर रोड म्हणत. पुढे भंडारदऱ्याचे धरण १९२६ मध्ये पुरे झाले, प्रवरेच्या कालव्यांचे पाणी खेळू लागले, हरेगावास साखरेचा कारखाना उभा राहिला, उसाचे मळे आणि मोसंबीच्या बागा वाढल्या. मळ्याला खत-माती वाहण्यास पाट्या हव्या, मोसंबीला करंड्या हव्या. आमच्या आजोबांचा फेरा या भागात आखडला तो या कारणाने. जेथे बारमाही काम मिळाले तेथे कैकाडी आपण होऊन थांबू लागला, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. कारण सरकारचे म्हणणे असे होते की, हे लोक थांबतच नाहीत.

आता कायद्याकडे वळू. आपल्या सभासंमेलनांतून '१८७१ पासून आपणांस गुन्हेगार ठरविले' असे सर्रास सांगितले जाते. शिक्षकाच्या खोडीनुसार यात थोडी दुरुस्ती करतो. गुन्हेगार जमातींचा पहिला कायदा १२ ऑक्टोबर १८७१ रोजी झाला हे खरे. परंतु तो वायव्य प्रांत, अयोध्या आणि पंजाब यांस लागू होता. १८७६ साली तो बंगालकडे गेला. मुंबई व मद्रास इलाख्यांसह सर्व ब्रिटिश हिंदुस्थानास तो लागू करता येईल अशी सोय १९११ च्या कायद्याने केली, आणि १९२४ मध्ये सर्व दुरुस्त्या एकत्र करून नवा कायदा रचला गेला. तेव्हा आपल्या आजोबा-पणजोबांना गळफास बसला तो १९११ नंतरचा. मात्र दोरी वळली गेली ती १८७१ सालीच.

त्या दोरीचा पीळ असा होता. या देशात सुताराचा मुलगा सुतार आणि विणकराचा मुलगा विणकर होतो, तेव्हा गुन्हा हाही काही जातींचा पिढीजात धंदाच असणार, असा युक्तिवाद या कायद्याच्या समर्थनार्थ झाला. आपल्याच समाजातील जातिव्यवस्था त्यांनी आपल्यासमोर आरशासारखी धरली, आणि दुर्दैवाने आपल्या इकडच्या बऱ्याच शहाण्यासुरत्या लोकांनाही ते पटले. सरकारने एखादी टोळी, जमात किंवा लोकांचा वर्ग गुन्हेगार म्हणून जाहीर करावा, मॅजिस्ट्रेटने नावांची नोंदवही करावी, आणि त्या जाहीरनाम्याच्या खरेखोटेपणाविषयी कोणत्याही न्यायालयाने प्रश्न काढू नये, अशी तरतूद होती. चोरी कोणी केली, कधी केली, साक्षीदार कोण, हे काही विचारावयाचेच नाही. आईच्या पोटातून बाहेर येणे हाच पुरावा. १८९७ च्या दुरुस्तीने तर मुलांना आईबापांपासून तोडून सुधारगृहात ठेवण्याचीही मुभा घेतली.

मुंबई इलाख्यात निरनिराळ्या वेळी ज्या जमाती जाहीर झाल्या त्यांत पारधी, भामटा, मांग-गारुडी, कंजारभाट, छप्परबंद, घंटीचोर, हरणशिकारी यांच्याबरोबर आपणही होतो. नोंद झालेल्या माणसाच्या दहाही बोटांचे ठसे घेण्याचा अधिकार १९११ च्या कायद्याने दिला. याच कायद्याच्या दहाव्या कलमात दोन गोष्टी होत्या. एक, ठरलेल्या वेळी अधिकाऱ्यासमोर हजर होणे. दुसरी, आपले राहण्याचे ठिकाण कळविणे, ते बदलावयाचे असल्यास आधी कळविणे, आणि घर सोडून कोठे जावयाचे असल्यास तेही कळविणे. पहिलीचे नाव आपल्या घरांत हजेरी असे पडले आणि दुसरीचे दाखला.

कलम वाचावयास दोन ओळींचे. पण जगावयास कसे होते ते आजीकडून ऐकावे. दिवेलागणीला पुरुषांनी चावडीवर जाऊन बसावयाचे. पाटील येईल तेव्हा येईल. तो बाजाराला गेला असेल तर तो परत येईपर्यंत बसावयाचे. नाव पुकारले की 'हाय जी' म्हणावयाचे. मध्यरात्री जागल्या पालाशी येऊन काठी आपटी, की आतून पुन्हा आवाज द्यावयाचा. आजी म्हणे, तान्ही पोरेसुद्धा काठीच्या आवाजाला दचकून 'हाय जी' म्हणावयाला शिकली होती. ती हे हसून सांगत असे, आणि लहानपणी आम्हीही हसत असू. आज तो हसण्याचा विषय वाटत नाही. बाहेरगावी जाण्याचा दाखला मिळवावयाचा तर पाटलाची मर्जी सांभाळणे आलेच. मर्जीची किंमत म्हणजे दोन पाट्या, एक डालगे, कधी कोंबडीसकट. तिकडच्या गावी पोहोचल्याबरोबर तेथल्या पाटलाला दाखला दाखवावयाचा, त्याने शेरा मारावयाचा, आणि परत येताच येथे तो जमा करावयाचा. विनादाखला हद्दीबाहेर सापडलेल्या माणसाला वॉरंटाशिवाय धरता येत असे. गावात चोरी झाली की सर्वांत आधी कोणाचे पाल उचकटले जाई, हे सांगावयास नको.

माझ्याजवळच्या कागदाची हकीकत आता सांगतो. तो भाद्रपदाचा महिना होता. आजोबांच्या धाकट्या बहिणीचा नवरा प्रवरेच्या पलीकडील एका गावी वारला. दहाव्यासाठी आजोबांना चार दिवसांचा दाखला मिळाला. दशक्रिया उरकली आणि त्याच रात्री नदीला पूर आला. होडीवाल्याने होडी घालण्यास नकार दिला. दोन दिवस आजोबा काठावर बसून राहिले. समोर आपला गाव, मध्ये लाल पाणी, आणि धोतराच्या सोग्यात मुदत संपलेला कागद! पाणी उतरल्यावर ते आले आणि सरळ चावडीवर गेले, कारण पळून जाण्याचा विचार त्यांच्या मनाला शिवला नव्हता. पाटलाने तारीख पाहिली आणि पुढे रपोट केला. आजोबा महिनाभर कैदेत होते. नदीला पूर आला होता हे गावातील प्रत्येकाला ठाऊक होते, पाटलालाही होते. पण दाखल्यावर तारीख लिहिलेली होती आणि पुराची नोंद करण्यास दाखल्यावर जागा नव्हती. तो कागद शिक्षेनंतर आजोबांच्या हाती कसा परत आला, ते आजीलाही नीट सांगता येत नसे. तिने तो जपला मात्र खरा. 'ह्यो तुज्या आज्याचा गुन्हा हाय,' असे म्हणून ती मला तो दाखवी.

ज्यांच्यावर हजेरीचाही भरवसा नव्हता त्यांच्यासाठी वसाहती होत्या. त्यांना आपले लोक 'सेटलमेंट' म्हणत. सोलापूर, विजापूर, हुबळी, गदग येथे त्या काढल्या गेल्या. सोलापूरची सर्वांत प्रसिद्ध. तारेचे कुंपण, फाटकावर पहारा, आत रांगेने खोल्या, सकाळी मोजदाद, मग गिरणीत कामावर, संध्याकाळी पुन्हा मोजदाद. या खात्याचे अधिकारी स्टार्ट नावाचे इंग्रज सिव्हिलियन होते. त्यांच्याविषयी एकाच शब्दात निकाल देणे मला जड जाते. त्यांनी वसाहतींतून शाळा चालविल्या, धंदे शिकविले, बरी वागणूक ठेवणाऱ्याला कुंपणाबाहेरच्या मोकळ्या वसाहतीत राहू देण्याची पद्धत घातली. पुढे अस्पृश्य व आदिवासी यांच्या स्थितीची चौकशी करणारी समिती मुंबई सरकारने १९२८ मध्ये नेमली, तिचे अध्यक्ष हेच स्टार्ट आणि सभासदांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर. आपल्यातील पहिली अक्षरे काहींना त्या कुंपणाच्या आतच मिळाली, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. तथापि शाळेला जाणाऱ्या मुलाच्या बापाला फाटकाबाहेर जावयास पास लागतो, ही कसली शाळा? मी छत्तीस वर्षे शिकविले. वर्गाच्या दाराला बाहेरून कडी घालून एकदाही शिकविले नाही.

याच सुमारास समुद्रापलीकडे काय चालले होते ते पाहण्यासारखे आहे. दक्षिण आफ्रिकेतील ट्रान्सवालमध्ये हिंदी लोकांनी नावे नोंदवावीत, बोटांचे ठसे द्यावेत आणि परवाना सदैव जवळ बाळगावा, असा कायदा झाला. गांधीजींनी त्याविरुद्ध सत्याग्रह उभारला, आणि १६ ऑगस्ट १९०८ रोजी जोहान्सबर्गच्या मशिदीच्या पटांगणात हजारोंनी ते परवाने कढईत घालून जाळले. हिंदुस्थानभर संतापाची लाट उसळली, आणि ती योग्यच होती. नामदार गोखल्यांनी १९१० साली नाताळला जाणाऱ्या गिरमिट्या मजुरांचा प्रश्न कलकत्त्याच्या वरिष्ठ कौन्सिलात मांडून ती भरती थांबविण्याचा ठराव आणला. त्याच कौन्सिलात पुढच्याच वर्षी आपल्या बोटांच्या ठशांचा कायदा संमत झाला. त्या वेळी देशात कोठे कढई पेटल्याचे माझ्या वाचनात नाही. आपल्या लोकांना वाचता येत नव्हते आणि ज्यांना येत होते त्यांना तो कायदा आपल्या घराच्या रक्षणाचा वाटत होता. हे मी कोणास दूषण देण्यासाठी लिहीत नाही. दूरच्या कुंपणाची तार चटकन दिसते आणि आपल्या परसातली दिसत नाही, हा मनुष्यस्वभाव आहे.

१५ ऑगस्ट १९४७ रोजी देश स्वतंत्र झाला. मद्रास सरकारने आपल्या मुलखापुरता हा कायदा त्याच वर्षी रद्द केला होता. मुंबई सरकारने १९४९ मध्ये केला. मध्यवर्ती सरकारने १९४९ सालीच श्री. अनंतशयनम् अय्यंगार यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. तिने कायदा रद्द करावा असा अभिप्राय दिला. मध्यंतरी १० डिसेंबर १९४८ रोजी संयुक्त राष्ट्रांनी मानवी हक्कांचा जाहीरनामा पॅरिस येथे स्वीकारला. त्यातील तेरावे कलम असे की, प्रत्येक मनुष्यास आपल्या देशाच्या हद्दीत कोठेही जाण्याचा व राहण्याचा, तसाच देश सोडण्याचा व परत येण्याचा हक्क आहे. २६ जानेवारी १९५० रोजी आपले संविधान अमलात आले. त्याच्या एकोणिसाव्या कलमाने नागरिकाला भारतभर मुक्तपणे संचार करण्याचे आणि कोठेही स्थायिक होण्याचे स्वातंत्र्य दिले. तरीही संपूर्ण देशातून तो कायदा उठला ३१ ऑगस्ट १९५२ रोजी. देशाच्या स्वातंत्र्यानंतर पाच वर्षे सोळा दिवसांनी. त्या दिवसापासून आपण 'विमुक्त'. योगायोग असा की, त्याच १९५२ साली दक्षिण आफ्रिकेच्या गोऱ्या सरकारने 'पास रद्द करण्याचा' म्हणून जो कायदा केला, त्याने प्रत्यक्षात काळ्या माणसाच्या खिशात पासांचे जाडजूड पुस्तकच कोंबले. त्या पासांविरुद्ध शार्पव्हिल येथे २१ मार्च १९६० रोजी जमलेल्या लोकांवर गोळीबार होऊन ६९ माणसे मेली, आणि ते पास जावयास १९८६ साल उजाडले.

आमच्या गावी हजेरी उठल्याची दवंडी पिटली गेली नाही. कोणी तरी बाजारात आजोबांना सांगितले. त्यांचा विश्वास बसेना. हजेरी घालणारा कागद होता, तेव्हा ती उठविणारा कागदही असला पाहिजे, असे त्यांचे म्हणणे. तो कोणी दिला नाही. म्हणून ते पुढे कितीतरी दिवस दिवेलागणीला चावडीपर्यंत जात आणि कोणी काही पुकारत नाही हे पाहून परत येत. वडील सांगत, शेवटी एके दिवशी नव्या पाटलानेच त्यांना चहा पाजला आणि म्हणाला, "आता कशाला येतोस बाबा?"

कायदा गेला म्हणजे पहारा गेला असे मात्र झाले नाही. मुंबई राज्याने १९५९ मध्ये सराईत गुन्हेगारांचा कायदा केला. तो जातीवर नव्हे, तर व्यक्तीच्या सिद्ध झालेल्या गुन्ह्यांवर आधारलेला आहे, हा फरक मोठा आहे आणि तो मान्य केला पाहिजे. १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्याप्रमाणे तडीपारीही करता येते. परंतु तीत नोटीस द्यावी लागते, म्हणणे ऐकावे लागते. संचारस्वातंत्र्यावर लोकहितासाठी वाजवी बंधन घालता येते असे संविधानच सांगते. आपल्या आजोबांवरचे बंधन वाजवी नव्हते, कारण ते कोणत्याही कृत्यावर नव्हते. पण कलमे बदलली तरी फौजदाराच्या मनातील नोंदवही लवकर कोरी होत नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांच्या नियमावल्यांतील जातिभेदाच्या तरतुदी रद्द केल्या, आणि विमुक्त जमातींना अजूनही जन्मजात गुन्हेगार समजून वागविले जाते याविषयी स्पष्ट शब्दांत लिहिले. १९५२ पासून मोजले तर ही बहात्तर वर्षे होतात.

आणखी एक हद्द आहे. ती तारेची नाही, यादीची आहे. अकोला, अमरावती, भंडारा, बुलडाणा, नागपूर, वर्धा, यवतमाळ हे जिल्हे आणि राजुरा तालुका सोडून चंद्रपूर जिल्हा, येथील कैकाडी हा अनुसूचित जातींत मोडतो. उरलेल्या महाराष्ट्रातील कैकाडी विमुक्त जातींत. याचे कारण आपल्यात काही भेद आहे असे नव्हे. ते जिल्हे जुन्या मध्य प्रदेशात होते, त्यांची यादी निराळी होती. १९५६ साली ते मुंबई राज्यात आले आणि यादी आपल्या जिल्ह्यांसकट तशीच आली. १९७६ च्या कायद्याने कित्येक जातींवरील असे क्षेत्रबंधन उठले, आपले राहिले. दोन सख्ख्या भावांपैकी एक पोट भरण्यासाठी वऱ्हाडात गेला आणि एक प्रवरेकाठी राहिला, तर त्यांच्या नातवंडांचे हक्क वेगळे. गाढवाच्या पाठीवर बिऱ्हाड घेऊन हिंडणाऱ्या समाजाची जात जिल्ह्याच्या नकाशावर ठरावी, याला काय म्हणावे? आपल्या मंडळांनी या प्रश्नी आजवर निवेदने पुष्कळ दिली. ती देत राहावीच लागतील.

आता शेवटची गोष्ट, जिच्यासाठी हा लेख लिहिण्याचे मी कबूल केले. २००० च्या अधिनियमाप्रमाणे जातीच्या दाखल्याची पडताळणी होते. विमुक्त जातींच्या बाबतीत कुटुंब २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीपासून या राज्यात राहत असल्याचा पुरावा मागतात. ज्यांची जमीन असते त्यांच्याजवळ सातबारा असतो. ज्यांचे बाप शाळेत गेले त्यांच्याजवळ शाळेचा उतारा असतो. माझा शाळाप्रवेश १९६१ नंतरचा, आणि माझ्या वडिलांनी शाळेची पायरी चढली नाही. माझ्या थोरल्या नातीला परिचारिकेच्या अभ्यासक्रमास प्रवेश मिळाला, आणि पुरावा हवा झाला. ज्यांना एका जागी राहू दिले नाही आणि हलूही दिले नाही, त्यांनी आपण कोठे राहत होतो ते कागदाने सिद्ध करावयाचे!

तेव्हा मला नळकांडे आठवले. कागद मोडीत असल्याने जाणकाराकडून त्याचे देवनागरी लिप्यंतर करून घेतले. नाव, बापाचे नाव, जात, गाव, तारीख. जे जे विचारले होते ते सर्व त्या कागदावर होते. आजोबांवर पाळत ठेवण्यासाठी सरकारने जितकी काळजीपूर्वक नोंद केली तितकी कोणाच्या कौतुकासाठी केली नसती. चौकशीसाठी पोलीस अधिकारी घरी आले, तेव्हा आमच्या गल्लीतील एक वृद्ध चुलती घाबरून मागच्या दाराने शेजाऱ्याकडे जाऊन बसली. अधिकारी तरुण होते, सभ्य होते. त्यांनी पाणी मागून घेतले, कुलदैवत विचारले, लग्नातील चालीरीती विचारल्या, आजोबांचा कागद दोन्ही हातांनी धरून पाहिला, आणि भुवईवरील व्रणाची ओळ वाचून थोडा वेळ गप्प राहिले. प्रमाणपत्र वैध ठरले. नात शिकली, आणि नोकरीसाठी एकटी पुण्यास गेली. निघताना मी तिला श्रीरामपूरच्या स्थानकावर पोहोचविण्यास गेलो होतो. तिने तिकीट दाखविले. बाकी कोणी काही विचारले नाही.

या स्मरणिकेच्या वाचकांना एक विनंती करतो. आपल्या घरांतील जुन्या पेट्या, नळकांडी, देव्हाऱ्यामागची गाठोडी एकदा उघडून पाहावीत. दाखले, हजेरीच्या चिठ्ठ्या, सेटलमेंटमधून सुटल्याचे कागद, गिरणीचे बिल्ले, काहीही असो. काही घरांनी असले कागद लाजेपोटी चुलीत घातल्याचे मला ठाऊक आहे. गांधीजींनी जाळले ते चारचौघांत आणि स्वाभिमानाने. आपण जाळतो ते रात्री. कृपा करून जाळू नयेत. वार्षिक मेळाव्याच्या दिवशी ते बरोबर आणावेत. सकाळी नऊपासून दुपारी जेवणापर्यंत मी मंडपाच्या दारापाशी बसेन. मोडी मी आता थोडीफार वाचावयास शिकलो आहे. कागदाची छायाप्रत काढून घेऊ, वहीत नोंद करू आणि मूळ कागद त्याच वेळी आपल्या हाती परत देऊ. ज्यांना नाव जाहीर करावयाचे नसेल त्यांचे नाव वहीत लिहिणार नाही. माझ्या आजोबांचा दाखला मी घेऊन येणार आहे. तो मात्र कोणाच्या हाती देणार नाही. घड्या फार विरल्या आहेत. काचेखाली ठेवीन, तेथेच वाचावा.